आमच्या गाडीचं तोंड

गाडीला तोंड असावं, ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यात आली त्याला मुलगी नसणार. असलीच तर तिचं लग्न झालेलं नसणार, आणि झालेलं असलंच तर जावई निदान दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यात असणार.

हे तोंड म्हणजे आरशामागे चिकटवलेली साबणाच्या वडीएवढी काळी पेटी. कायदाच आहे तसा, पेटीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ती करते काय, तर आजूबाजूच्या गाड्यांना अखंड हाका मारते. मी अमुक नंबरची, मी इथे आहे, माझा वेग इतका, मी आता डावीकडे वळतेय. बाकीच्या गाड्याही अशाच बोंबलत असतात. ते आपल्याला ऐकू येत नाही, हे नशीब. यामुळे म्हणे धडका टळतात. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात चाललीय, त्यामुळे धडका कमी झाल्या हे मी नाकारणार नाही. पूर्वी माणसं येऊन खोटं सांगायची, आता पेट्या खरं सांगतात आणि आमच्या टेबलावरची निम्मी मजा गेली. पण ते असो.

मुद्दा असा की आमची मुलगी नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, डाव्या मनगटाला प्लास्टर घालून. आधी दोनदा ती 'दार लागलं' असं म्हणाली होती. या वेळी काहीच म्हणाली नाही. आमच्याकडे राहिली असती तर तो पहिला आमच्याच दारात आला असता, म्हणून नदीपलीकडे फर्निचर बाजाराच्या मागे एक खोली बघितली. चौकीत तक्रारही केली. तिथले साहेब म्हणाले, "नवराबायकोचं आहे, आठ दिवसांत निवळेल." हे सांगताना ते हसले, आणि मीही हसलो. सरकारी माणूस हसला की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड आहे.

शेजारीपाजारी मात्र काही कळू दिलं नाही. मुलगी ऑफिसच्या ट्रेनिंगला परगावी गेलीय, असं मी सोसायटीत सांगून ठेवलं. कुठे, असं कोणी विचारलं तर 'लांब' म्हणायचो. या वयात चार लोकांत मान खाली घालायची वेळ नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

दर रविवारी आम्ही दोघं गाडीने तिच्याकडे जायचो. बसने का नाही, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. हिचा गुडघा बसची पायरी चढत नाही, आणि लेकीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय हिला घास उतरत नाही. भाड्याच्या गाडीलाही पेटी असते, वर त्यात बसणाऱ्याचं नावही लागतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही घरी येऊन चपला काढतोय तोच जावयाचा फोन आला.

"बाबा, कसे आहात? सोफा घेताय का?"

"सोफा? नाही बुवा."

"नाही, फर्निचर बाजाराच्या मागे बराच वेळ थांबला होतात, म्हणून विचारलं. घ्यायचा झाला तर मला सांगा, माझ्या ओळखीचं दुकान आहे."

आवाज अगदी गोड होता. लग्नात याच आवाजावर आम्ही भाळलो होतो. आता सांगायला हरकत नाही, जावई इमारतींच्या पार्किंगची फाटकं बसवतो. पेटीची हाक ऐकून आपोआप उघडणारी फाटकं. शहरातल्या निम्म्या फाटकांना त्याचा हात लागलेला आहे, म्हणजे निम्म्या शहरात त्याचे कान आहेत. आमच्या गाडीचा नंबर तर त्याला तोंडपाठ होता, कारण ती पेटी त्यानेच बसवून दिली होती. 'घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?' असं त्या वेळी मीच म्हणालो होतो.

त्याच संध्याकाळी मुलीला खोली सोडावी लागली. नवी खोली मिळाली ती अंधारी, आणि एका बाईच्या स्वयंपाकघरातून जायची वाट. त्या दिवशी मी ठरवलं, की या गाडीचं तोंड बंद करायचं. हे काम किती मोठं आहे याची मला तेव्हा अजिबात कल्पना नव्हती.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या शेजाऱ्याचा. त्यांना आम्ही शास्त्रज्ञ म्हणतो, कारण त्यांनी एकदा स्वतःचा मिक्सर स्वतः दुरुस्त केला होता आणि तो अजून आवाज करतो. गाडी कोणालाच ऐकू जाऊ नये असं काही करता येईल का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. शास्त्रज्ञांना कारणात रस नसतो. "सोपं आहे," ते म्हणाले, "जेवण गुंडाळायचा चांदीचा कागद असतो ना, त्याचे तीन पदर गुंडाळा. लहर बाहेर पडतच नाही."

मी पाच गुंडाळले. लहर खरंच बाहेर पडली नाही. पण आतही आली नाही, हे शास्त्रज्ञांनी सांगितलं नव्हतं. भर चौकात, चारही बाजूंनी गाड्या असताना, आमच्या गाडीतली सूचना देणारी यांत्रिक बाई शांतपणे म्हणाली, "आजूबाजूला एकही वाहन नाही." तेवढ्यात डावीकडून एक ट्रक आला. त्याच्या दृष्टीने आम्हीही नव्हतो. हिने किंचाळून माझा हात ओढला म्हणून आज हे सांगायला मी आहे. ट्रकवाला उतरून मला जे बोलला ते आमच्या कंपनीच्या कुठल्याही कागदावर मी 'अपशब्द' एवढंच लिहिलं असतं. मग पोलीस आला. त्याने आरशामागे हात घातला, कागदाची एक घडी उलगडून बघितली आणि विचारलं, "काय काका, डबा पॅक केलाय का?"

बघ्यांमध्ये हशा पिकला. एकतीस वर्षं मी लोकांना 'अपघातसमयी आपण नेमकं काय करत होता' असं विचारत आलो. उत्तर देणाऱ्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

मग सरळ मार्गाने जायचं ठरवलं. वाहतूक कार्यालयात खासगीपणा कक्ष आहे, असं कळलं. कक्ष म्हणजे एका मोठ्या हॉलमधली चार नंबरची खिडकी. दार नाही, पडदा नाही. खिडकीला जाड काच, आणि बोलायला दोन्ही बाजूंना माईक. आपण माईकमध्ये कुजबुजलो की ते सगळ्या हॉलला ऐकू जातं.

"खासगीपणावाले काका, पुढे या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला.

बाई चांगल्या होत्या, त्यांनी योजना नीट समजावून सांगितली. पेटीला कायमचा नंबर नको असेल तर टोपणनंबर मिळतात. थोड्या थोड्या वेळाने पेटी आपला नंबर टाकून नवा घेते. बाकीच्या गाड्यांना 'इथे एक गाडी आहे' एवढं कळतं. कोणाची, ते कळत नाही.

"कारण काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"घरगुती."

"घरगुती म्हणजे? घरातल्या कोणापासून लपायचंय का तुम्हाला?"

हे सगळं माईकवरून. मागे रांगेत एक गृहस्थ दुसऱ्याला हळूच म्हणाले, "या वयात!" मी म्हणालो, "विम्याच्या कामामुळे लोक राग धरतात हो." बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "कोणाची हरकत आहे का ते बघण्यासाठी तुमचं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर बाहेर फलकावर लागेल."

"पण मला तर कोणाला कळू द्यायचं नाहीये!"

"मंजूर झाल्यावर नाहीच कळणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

फलकावर माझ्या नावाखाली दुसरं एकही नाव नव्हतं. वरही नव्हतं. हे मी बघितलं, पण मला त्यातून काही सुचलं नाही.

टोपणनंबर मिळाले. त्या रविवारी आम्ही तिच्याकडे जाऊन निवांत बसलो, चहा घेतला. मुलगी उजव्या हाताने कप विसळत म्हणाली, "बाबा, खरंच कळणार नाही ना?" मी तिला पाऊण तास टोपणनंबरांचं शास्त्र समजावलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. घरी आलो तर फोन वाजत होता.

"बाबा, अभिनंदन! टोपणनंबर घेतलेत. चांगली सोय आहे, पण एक अडचण आहे बघा. अख्ख्या शहरात ते घेणारे तुम्ही एकटेच. रिकाम्या रस्त्यावर एक नंबर गायब होतो आणि त्याच जागी दुसरा उगवतो. आता असं दुसरं कोण असणार? उलट पूर्वीपेक्षा सोपं झालं." जरा थांबून तो म्हणाला, "ती अंधारी खोली तिला मानवणार नाही, बाबा. तिला सर्दीचा त्रास आहे."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. आता मुलीला तिसरी खोली शोधणं आलं. हिने सगळं ऐकलं होतं. ही रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. "मुलीच्या शाळेच्या फाटकात तुम्ही उभे राहायचात, आठवतंय?" ती म्हणाली. "सगळ्या एकसारख्या गणवेशात. समोरून गेली तरी ओळखू यायची नाही तुम्हाला. एकटीने वेगळा फ्रॉक घातला असता तर लांबून दिसली असती. अहो, आपल्याला गर्दी पाहिजे."

आमच्या इमारतीखाली तळघरात पार्किंग आहे. तिथून पेटीची हाक बाहेर जात नाही. सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांनी टोपणनंबर घेतले, रविवारी सगळ्या तळघरात जमल्या, सगळ्यांनी तिथेच एकदम नंबर बदलले आणि एकामागोमाग बाहेर पडून चारी दिशांना गेल्या, तर त्यातली आमची कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. हिची कल्पना बिनतोड होती. अडचण एकच. लोकांना कारण काय सांगायचं?

"खरं ते सांगा," ही म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?"

सोसायटीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि विमा कंपन्या पेट्यांवर कान ठेवून आपले हप्ते वाढवणार आहेत, असं ठोकून दिलं. मी त्याच खात्यातला माणूस, त्यामुळे अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. एरवी पाण्याच्या टाकीवरून ज्या बैठकीत हाणामारीची वेळ येते, तिथे ठराव बिनविरोध पास झाला. आणि गंमत म्हणजे नंतर जिन्यात एकेक जण मला गाठून हळूच हात दाबून गेला. शास्त्रज्ञ म्हणाले, "बरं केलंत." सेक्रेटरी तर गहिवरलेच. ते दर गुरुवारी कुठे जातात ते मला माहीत नाही, आणि आता ते त्यांच्या पेटीलाही माहीत नसणार होतं.

"सगळ्या पेट्या एकाच वेळी नंबर बदलतील असं जुळवायला जाणकार माणूस लागेल," मी म्हणालो.

"ते माझ्यावर सोडा," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही एवढं डोकं चालवलंत, आता एवढं आम्ही करतो."

शनिवारी मी कामावर असताना कोणीतरी येऊन पेट्या जुळवून गेला. मी चौकशी केली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक काम माझ्याशिवाय होत होतं, मला बरंच वाटलं.

रविवारचा तो सोहळा बघण्यासारखा होता. सगळ्या इमारतीच्या गाड्या तळघरात, दिवे लावलेले, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि मध्ये सेक्रेटरी शिट्टी घेऊन उभे. शास्त्रज्ञांची गाडी सुरूच होईना, तेव्हा तिला ढकलायला चौघं उतरले. त्यातल्या एकाची गाडी मागे घरंगळून दुसऱ्याच्या दिव्यावर गेली, मग भांडण. 'दाव्याचं मी बघतो' असं मी दोघांनाही सांगितलं. शेवटी शिट्टी वाजली, पेट्यांनी एकदम नंबर टाकले, आणि आमची वरात बाहेर पडून फाटकापासून फुटली. मुलीच्या तिसऱ्या खोलीवर पोचेपर्यंत मी आरशात बघत होतो. ही खोली एका इस्त्रीच्या दुकानावर होती आणि उजेडाची होती.

संध्याकाळी फोन आला नाही.

पुढच्या रविवारीही आला नाही. मुलीचं प्लास्टर निघालं. ती मनगट फिरवून दाखवू लागली, अर्धंच फिरत होतं, पण फिरत होतं. ही तिच्यासाठी डब्यात जरा जास्तच भरू लागली. मी ऑफिसात शीळ घालतो अशी तक्रार आली. जिंकलो असं मला वाटलं. आता वाटतं, फोन आला नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी वरातीआधी सेक्रेटरींनी माझ्या खिडकीत डोकं घातलं.

"आज राहवत नाही म्हणून सांगतो हो. तुमचे जावई म्हणजे सोनं!"

"कोण?"

"जावई तुमचे! पेट्या त्यांनीच तर जुळवल्या सगळ्यांच्या. मी म्हटलं, याच धंद्यातला घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? लगेच आले. एकेक गाडी दोन दोनदा तपासली, तुमची तर चार वेळा. म्हणाले, बाबांना सांगू नका, त्यांना उगीच संकोच वाटेल. किती समजूतदार माणूस!"

ही माझ्याकडे बघत होती. सेक्रेटरींना दोष तरी काय देणार? त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसावं म्हणून मीच जिवाचा आटापिटा केला होता. ही मुलीला फोन लावत राहिली, ती उचलेना. मी गाडी काढली. मागून शिट्टी वाजत राहिली, पण आम्ही थांबलो नाही.

इस्त्रीच्या दुकानापाशी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून जावई बसला होता. शेजारी फळांची पिशवी. घरमालकीण त्याला पाणी देत होत्या. "बघा ना," त्या आम्हाला म्हणाल्या, "हे किती वेळचे ताटकळलेत, आणि ती दारच उघडत नाही."

"या बाबा," तो उठून म्हणाला. "तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल."

मी काही म्हणायच्या आत ही पुढे झाली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. तो जिना एवढा अरुंद, की तिच्या अंगावरून गेल्याशिवाय कोणाला वर जाता येणार नव्हतं. "आई, उठा," तो म्हणाला. "माझा गुडघा दुखतोय," ही म्हणाली. "मी आता उठत नाही."

तो हिच्या दंडाला धरायला वाकला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात लावू नकोस तिला! माझ्या मुलीचं मनगट मोडलंस तू!"

मला इतक्या मोठ्याने बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. घरमालकीण हातातला ग्लास धरून तशाच राहिल्या. कपडे न्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, घरातलं घरात मिटवावं. रस्त्यावर कशाला?" मी त्यांच्याकडे वळलो तेवढ्यात जावयाने मला बाजूला सारलं. धक्का फार जोराचा नव्हता, पण मी फळांच्या पिशवीवर पडलो आणि चष्मा त्याच्या पायाखाली आला. त्याने तो उचलून माझ्या हातात दिला. "लागलं का, बाबा?" त्याने विचारलं. मग इस्त्रीवाल्याकडे एकदा बघितलं, आणि शर्ट सारखा करत म्हणाला, "येतो पुढच्या रविवारी."

घरमालकिणीने आपल्या किल्लीने वरचं दार उघडलं. खोली रिकामी होती. खिडकीतून तो दिसताच मुलगी मागच्या जिन्याने निघून गेली होती. फोन उशीवरच होता. ही त्या उशीवर हात ठेवून बसून राहिली.

घरी आल्यावर सोसायटीत सगळ्यांना कळलं, कारण मीच सांगितलं. फाटकात उभं राहून, फुटका चष्मा हातात धरून, पहिल्यापासून सगळं. सेक्रेटरी खाली कठड्यावर बसले. "अहो, आधी सांगायचं ना आम्हाला," असं ते तीन-चारदा म्हणाले. सांगायला हवं होतं. मला त्यांचा रागही धड आला नाही.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाबा, मी नीट आहे."

"हो गं बाळा." पुढे माझ्या ओठांवर सवयीने प्रश्न आला होता, नेमकं ठिकाण कोणतं. तो मी गिळला.

"मी कुठे आहे ते सांगणार नाहीये, बाबा. तुम्हालाही नाही. आईलाही नाही. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की तो येतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "अगदी बरोबर आहे." ही माझी बाही ओढत होती. "कुठे आहे? विचारा ना, कुठे आहे?"

तेवढ्यात मुलीच्या मागे एक भोंगा वाजला आणि एक पुरुषी आवाज घोषणा करू लागला. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे.' म्हणजे बसस्थानक. आता गाडी येणार, आणि ती कुठल्या गावाहून कुठल्या गावाला जाणार, ते तो सांगणार. ते कानावर पडू नये म्हणून मी मोठमोठ्याने बोलायला लागलो. काय बोललो ते मला धड आठवत नाही. शास्त्रज्ञांची गाडी ढकलायला लागते, पाण्याची टाकी गळतेय, माझा चष्मा, ऑफिसातला नवा साहेब, काहीही. ही माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. श्वास घ्यायला थांबलो तर घोषणा चालूच होती, म्हणून आणखी जोराने सुरू केलं.

"बाबा, ओरडताय का?" तिने विचारलं.

तिच्याही लक्षात आलं असावं.

"बोला बाबा," ती हळूच म्हणाली. "बोलत राहा. थांबायचं झालं की मी सांगते."